खांदे टेकले का? : कुस्ती बघण्याचा थोडा अभ्यास



सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझं शिक्षण बालवर्गापासून दहावीपर्यंत लातूरच्या एका कॉन्व्हेंट शाळेत झालं. मधल्या सुट्टीत मराठी बोललं की दंड, असा तिथला कारभार. त्यामुळे एकोणसत्तर म्हणजे ५९, ६९ की ७९ हे मला आजही बोटं मोजून ठरवावं लागतं. मराठी विभागासाठी लेख दे असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा रूममेट जो हसत सुटला तो अजून हसतोच आहे. शुद्धलेखनाच्या चुका असतील तर सांभाळून घ्या, पण विषयाच्या बाबतीत मात्र मी कच्चा नाही. विषय आहे कुस्ती.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंगच्या पोराला कुस्तीत काय कळतं? बरोबर आहे. मलाही वाटायचं की मला सगळं कळतं. किती कळत नव्हतं, ते कसं कळलं, हेच या लेखात सांगायचं आहे. म्हणून याला लेख न म्हणता तास म्हणा. अटेंडन्स नाही, घाबरू नका.

पहिली कुस्ती : डब्ल्यूडब्ल्यूई

माझ्या पिढीच्या शहरी पोरांची कुस्तीशी ओळख तालमीत झाली नाही, टीव्हीवर झाली. अंडरटेकर, जॉन सीना, रँडी ऑर्टन, आपला खली. शाळेच्या बसमध्ये त्यांचे पत्ते खेळायचे आणि घरी गादीवर धाकट्या भावाला आपटायचं. भाऊ रडला की आईकडून आपल्याला खरा फिनिशिंग मूव्ह मिळायचा.

हॉस्टेलवर आल्यावरही हा नाद सुटला नाही. १ मार्च २०२५ ला टोरंटोत सीनाने कोडी ऱ्होड्सवर हात टाकला आणि वीस वर्षांचा हिरो एका रात्रीत व्हिलन झाला. त्या दिवशी आमच्या विंगमध्ये सुतक होतं. पुढे एप्रिलमध्ये रेसलमेनियात सीनाने सतरावं विजेतेपद घेतलं, ऑगस्टमध्ये कोडीने ते परत घेतलं, आणि १३ डिसेंबर २०२५ ला सीना आपली शेवटची मॅच गुंथरकडून टॅप आउट होऊन हरला. 'नेव्हर गिव्ह अप' म्हणणारा माणूस शेवटी हात आपटतो! माझं स्पष्ट मत आहे की शेवट असाच हवा होता. जाणाऱ्याने नव्याला मोठं करून जावं. अर्ध्या विंगला हे पटलेलं नाही, ते या लेखानंतर मला भेटतीलच.

"ते सगळं खोटं असतं रे" असं म्हणणाऱ्यांसाठी एक खुलासा. निकाल आधी ठरलेला असतो हे खरं. पण वीस फुटांवरून पडणारं शरीर खरं असतं, मोडणारं हाड खरं असतं. ते नाटक आहे, आणि नाटक म्हणून उत्तम आहे.

त्या नाटकातलं एक पात्र मात्र आपण कधी नीट बघत नाही, ते म्हणजे रेफरी. तो धक्का लागून पडतो, नेमक्या वेळी पाठ फिरवतो, खुर्ची मारलेली त्याला दिसत नाही. डब्ल्यूडब्ल्यूईत रेफरीची चूक हा कथेचा मसाला असतो. ९ नोव्हेंबर १९९७ ला मॉन्ट्रिअलमध्ये ब्रेट हार्ट आणि शॉन मायकल्स यांची लढत होती. हार्टने हार मानलेली नसताना मालक विन्स मॅकमहनने घंटा वाजवायला लावली आणि किताब मायकल्सला गेला. हार्टला जे सांगितलं होतं ते हे नव्हतं. म्हणजे नाटकातही एका माणसाला खरोखर फसवलं गेलं. जवळजवळ तीस वर्षं झाली तरी चाहते त्यावर अजून भांडतात. मुद्दा लक्षात ठेवा : चुकीचा निकाल हरण्यापेक्षा जास्त दिवस दुखतो.

दुसरी कुस्ती : आपली

आता आपल्या मातीकडे येऊ. मराठवाड्यात कुस्ती नाही, ती सगळी कोल्हापूर-सांगलीकडे, असा एक गैरसमज आहे. तो आधी काढून टाका.

महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा १९६१ साली सुरू झाली, तीही आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात. पहिले महाराष्ट्र केसरी दिनकर दह्यारी. १९६९ ची स्पर्धा लातूरला झाली आणि किताब घेतला निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदार यांनी. तेव्हा ते साधारण माझ्याच वयाचे होते! (मी या वयात एम-थ्रीचा बॅकलॉग काढतो आहे.) पुढे १९७० च्या एडिनबर्ग राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं, ती कुस्ती आमच्या आजोबांची पिढी अजून हातवारे करून सांगते. नंतर पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली. लोक त्यांना बिराजदार मामा म्हणत. २०११ साली ते गेले.

लातूर जिल्ह्याचेच काका पवार. अर्जुन पुरस्काराचे मानकरी. पुण्यात कात्रजला त्यांचं कुस्ती संकुल आहे. बीडचा राहुल आवारे आधी मामांकडे आणि मग काकांकडे तयार झाला. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं. आणि नांदेडचं म्हणाल तर २००१ ची महाराष्ट्र केसरी आपल्याच गावात झाली, किताब राहुल काळभोरला. शिवाय दरवर्षी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आणि लातूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत कुस्त्यांचा फड असतोच. रेवड्या-नारळावरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत हलगी थांबत नाही.

नियम : पाच मिनिटांत

डब्ल्यूडब्ल्यूई बघून कुस्तीला येणाऱ्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो, म्हणून हा भाग नीट वाचा.

जत्रेतल्या मातीच्या कुस्तीत हिशोब एकच. पाठीला माती लागली की चितपट. गुण नाहीत. निकाल लागला तर 'निकाली', नाही लागला तर पंच बरोबरीत सोडवतात.

महाराष्ट्र केसरीत एक माती विभाग आणि एक गादी विभाग असतो. गादी म्हणजे मॅट. दोन्ही विभागांचे विजेते शेवटी किताबासाठी भिडतात. वजनगट ८६ ते १२५ किलो. इथे गुण असतात. तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. समोरच्याला खाली घेऊन मागून ताबा मिळवला की दोन. रिंगणाबाहेर ढकललं की एक. समोरच्याची पाठ गादीकडे ९० अंशांपेक्षा कमी कोनात वळवली की ती धोक्याची स्थिती, तिचे दोन. आणि उभ्याने उचलून थेट त्या स्थितीत आपटलं की चार. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते.

पण हे सगळे गुण एका गोष्टीपुढे शून्य आहेत, ती म्हणजे चितपट. नऊ गुणांनी मागे असलेला पैलवानसुद्धा चितपट करून जिंकू शकतो. दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकले आणि वरच्याचा ताबा आहे हे पंचाला दिसलं की संपलं. वन, टू, थ्री अशी मोजणी नाही! ती डब्ल्यूडब्ल्यूईत. तिथे माणूस अडीचला खांदा उचलतो आणि आपण खुर्चीवरून उड्या मारतो. इथे अडीच नसतं. एक क्षण असतो, आणि तो पंचाने बघायचा असतो.

म्हणून अधिकारीही एक नसतो, तीन असतात : मधला रेफरी, बाजूचा जज आणि मॅट चेअरमन. रेफरीला चितपट दिसली तरी बाकीच्यांपैकी एकाने दुजोरा द्यावा लागतो, मगच तो गादीवर हात मारून शिट्टी वाजवतो. आंतरराष्ट्रीय नियमांत कोचला निर्णयाविरुद्ध दाद मागता येते, मग व्हिडिओ बघतात. दाद फेटाळली गेली तर समोरच्याला एक गुण मिळतो. म्हणजे तक्रार फुकट नाही, पण तक्रारीला दार आहे. हे दार लक्षात ठेवा.

गेल्या काही वर्षांतली भांडणं

आता माझा आवडता भाग. गेल्या पाच-सहा वर्षांत महाराष्ट्र केसरीत जे घडलं ते कोणत्याही स्क्रिप्ट रायटरला सुचलं नसतं.

जानेवारी २०२०, बालेवाडी. अंतिम लढत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर विरुद्ध आपल्या लातूरचा शैलेश शेळके. गंमत अशी की दोघेही काका पवारांचेच पठ्ठे. सकाळ-संध्याकाळ एकाच आखाड्यात लढणारे, एकमेकांचा प्रत्येक डाव पाठ असलेले. कुस्ती ३-२ ने हर्षवर्धनने जिंकली. लातूरकर म्हणून मला वाईट वाटलं. पण जिंकल्यावर हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतलं. तो फोटो तुम्ही पाहिला असेल. नसेल तर शोधून बघा, माझ्या रूमच्या दारावरही आहे.

जानेवारी २०२३, कोथरूड. माती विभागात सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड. महेंद्रने बाहेरची टांग लावली आणि पंचांनी चार गुण दिले. सिकंदरच्या चाहत्यांचं म्हणणं, पाठ धोक्यात गेलीच नाही, मग चार कसे? आठवडाभर सगळ्यांच्या मोबाईलवर तोच व्हिडिओ. पंचांना धमकीचा फोन गेल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. अंतिम फेरीत शिवराज राक्षेने महेंद्रला मिनिटाच्या आत चितपट केलं. शिवराज मूळचा पुणे जिल्ह्यातल्या राक्षेवाडीचा, पण स्पर्धेत नांदेडकडून उतरलेला. त्यामुळे इथे 'आपल्या नांदेडचा' म्हणून पेढे वाटले गेले.

नोव्हेंबर २०२३. संघटनांमधल्या वादामुळे एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा! फुलगावच्या स्पर्धेत सिकंदरने शिवराजला झोळी डावावर पाडून किताब घेतला. थोड्याच दिवसांत धाराशिवच्या स्पर्धेत शिवराजने हर्षवर्धनला हरवून किताब घेतला. एका वर्षाचे दोन केसरी. डब्ल्यूडब्ल्यूईतही दोन ब्रँडचे दोन चॅम्पियन असतात, पण तिथे मालक एक असतो! इथे मालक कोण यावरच भांडण. माझं मत विचाराल तर पैलवानाचं यात नुकसान आहे. किताबाला जी किंमत असते ती तो एकच असतो म्हणून असते. २०२५ सालीही तेच झालं. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके, असे दोन केसरी.

आणि त्या अहिल्यानगरबद्दल काय सांगू! २ फेब्रुवारी २०२५, रविवार. गादी विभागाची लढत, शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. आमच्या मेसमध्ये कुणी जेवत नव्हतं, ताटं हातात तशीच. कुस्ती सुरू होऊन थोडाच वेळ झाला आणि पंचांनी शिवराज चितपट झाल्याचा निर्णय दिला. शिवराजचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ बघा. निर्णय बदलला नाही. मग शिवराजने पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच रात्री किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडही एका गुणावरून चिडून शेवटची काही सेकंदं उरली असताना मैदान सोडून गेला. पृथ्वीराज महाराष्ट्र केसरी झाला आणि शिवराज व महेंद्र या दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. दोनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या चंद्रहार पाटलांनी तर आपल्या गदा परत करण्याची भाषा केली. नंतरच्या चौकशा आणि पत्रकार परिषदा यात मी शिरत नाही, कारण माझा विषय मॅट आहे.

त्या रात्री मेसमध्ये मी खुर्चीवर उभा राहून भाषण ठोकलं. "आंधळ्याला दिसलं असतं! पंचाला एवढी साधी गोष्ट कळत नाही? मी असतो तर..." वगैरे. टाळ्याही पडल्या.

आमचा रूममेट मात्र गप्प जेवत होता. त्याला सगळे पैलवान म्हणतात. कंधारकडच्या एका खेड्यातला. बारावीपर्यंत तालमीत होता, जत्रेत नारळ-रेवड्यांपासून हजाराच्या कुस्त्यांपर्यंत गेलेला. मग सीईटीचा नंबर लागला आणि तालीम सुटली. तो एवढंच म्हणाला, "तू कुठून बघायलास त्यावर असतंय ते."

मला तेव्हा कळलं नाही.

ईडीचा तास

फर्स्ट इयरला इंजिनिअरिंग ड्रॉइंगने आपल्या सगळ्यांना रडवलं आहे. फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू, साइड व्ह्यू. सरांचं एक वाक्य आठवा : टॉप व्ह्यूमध्ये उंची दिसत नाही. एखादी वस्तू जमिनीवर आहे की चार बोटं वर आहे हे वरून बघून सांगता येत नाही. त्यासाठी बाजूने, जमिनीच्या पातळीवरून बघावं लागतं.

आता हे कुस्तीला लावा. खांदा टेकला का, हा प्रश्न म्हणजे खांदा आणि गादी यांच्यातली उंची शून्य आहे का, हा प्रश्न. उभ्याने बघणाऱ्याला आणि उंचावरच्या कॅमेऱ्याला जवळजवळ टॉप व्ह्यू दिसतो. त्यात वर सव्वाशे किलोचा दुसरा पैलवान! त्याचा दंड, छाती, डोकं यांच्या आड नेमका एक खांदा जातो. एका बाजूने एकच खांदा दिसतो, आणि चितपटीला दोन लागतात.

दुसरी गोष्ट वेळ. साध्या मोबाईलचा व्हिडिओ सेकंदाला तीस चित्रं घेतो, म्हणजे दोन चित्रांत सुमारे ३३ मिलिसेकंदांचं अंतर. पूल बांधून, म्हणजे मानेवर आणि पायांवर शरीर तोलून धरलेला पैलवान खांदा टेकवून लगेच उचलू शकतो. डावा टेकला तेव्हा उजवा वर, उजवा टेकला तेव्हा डावा वर, असंही होतं. 'एकाच वेळी' हे दोन शब्द म्हणूनच नियमात आहेत.

म्हणून तुम्ही कधी निरीक्षण करा, चांगला पंच उभा नसतो. तो गुडघ्यावर येतो, मग हातावर येतो, मग गादीवर गाल टेकवून चक्क आडवा पडतो आणि खांद्याखालची फट शोधतो. आपल्याला ते विनोदी वाटतं. खरं तर तो साइड व्ह्यू घेत असतो.

आणि आम्ही? मेसच्या टीव्हीवर वरच्या कॅमेऱ्यातली क्लिप बघून छातीठोक निकाल देत होतो. त्या कुस्तीत खांदे टेकले की नाही, यावर मी आज पैज लावणार नाही. ज्या कोनातून मी पाहिलं त्या कोनातून ते सांगताच येत नव्हतं.

आमचा हौद

ही सगळी अक्कल मला पुस्तकातून आलेली नाही. ती कशी आली ते सांगतो. हे लिहावं की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला.

अहिल्यानगरच्या कुस्तीनंतर दोनेक आठवड्यांनी आपलं गॅदरिंग होतं. स्पोर्ट्स वीकमध्ये हॉस्टेलच्या मागच्या मैदानात हौद खणून कुस्त्या ठेवल्या होत्या. नियम जत्रेचाच, चितपट. पैलवानाने नाव दिलं होतं. "ही शेवटची," म्हणाला, "मग प्लेसमेंटची तयारी." त्याचे आबा गावाकडून सकाळच्या एसटीने आले होते, फेटा बांधून. पोराचं कॉलेज बघायला ते पहिल्यांदाच आलेले. लायब्ररी, वर्कशॉप सगळं त्यांनी चप्पल बाहेर काढून बघितलं.

आणि बाजूचा पंच कोण? मी. मेसमधल्या भाषणामुळे माझं नाव झालं होतं ना. याला नियम माहीत आहेत, यालाच उभा करा.

अंतिम कुस्ती. समोर दुसऱ्या हॉस्टेलचा सीनियर, वजनाने भारी. सलामी झाली, खडाखडी झाली. पैलवानाने एकेरी पट काढला, सीनियरने तो उलटवला आणि वर कब्जा घेतला. पैलवान पाठीकडे झुकला, पूल बांधला. सगळे ओरडायला लागले. मधले पंच दुसऱ्या बाजूला होते, त्यांच्या आणि खांद्यांच्या मध्ये सीनियरची पाठ होती. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "टेकले का?"

मला उजवा खांदा दिसत होता. तो मातीत होता. डावा सीनियरच्या दंडाखाली होता. तो मला दिसत नव्हता. मी उभा होतो. नवीन पांढरी पँट घातली होती, पंच म्हणून.

मी म्हणालो, "टेकले."

शिट्टी झाली, हलगी वाजली. पैलवान उठला, एक क्षण त्याने माझ्याकडे पाहिलं. मग सीनियरचा हात हातात घेतला, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि हौदाबाहेर आला. त्याच्या आबांनी सदऱ्याच्या खिशातून पन्नासची नोट काढून जिंकलेल्या सीनियरच्या हातात ठेवली, आपल्याकडे देतात तसं बक्षीस. मग माझ्याजवळ आले, हात जोडले आणि म्हणाले, "रामराम, पंच." आणि साडेपाचच्या एसटीने गेले.

दुसऱ्या दिवशी फर्स्ट इयरच्या एका पोराने मोबाईल आणून दाखवला. त्याने तो हौदाच्या कडेला विटेला टेकवून ठेवला होता, माझ्या बरोबर समोरच्या बाजूला, जमिनीलगत. मी थांबवून थांबवून, एकेक चित्र पुढे सरकवत बघितलं. डावा खांदा मातीपासून चांगला चार बोटं वर होता. शिट्टी होईपर्यंत वरच होता.

मी त्या पोराला म्हणालो, "कुणाला दाखवू नको." दहा-बारा दिवसांपूर्वी मेसमध्ये खुर्चीवर उभा राहून व्हिडिओ बघा, व्हिडिओ बघा म्हणून ओरडणारा तो मीच होतो.

जवळजवळ वर्षभर मी हे पैलवानाला सांगितलं नाही. एकाच खोलीत राहतो आम्ही, एकाच डब्यातला त्याच्या घरचा ठेचा खातो. तरी नाही सांगितलं. या लेखाचं ठरलं तेव्हा म्हणलं, आता सांगायलाच पाहिजे. एका रात्री लाइट गेली होती, अंधारात सांगायला सोपं जातं. सगळं सांगितलं, व्हिडिओचंही.

तो म्हणाला, "माहीत होतं मला."

"कसं काय? व्हिडिओ बघितलास?"

"पाठीला माती लागली का न्हाई, हे पाठीला कळतंय की. व्हिडिओ कशाला लागतोय."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"आबा होते. त्यांच्यासमोर पंचाशी भांडायचं न्हाई, असं वस्तादानं शिकवलंय." थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण तू खाली वाकायला पाहिजे होतं बे. पँट धुता आली असती."

या वाक्यावर मी काय उत्तर देणार?

मग बरोबर कोण?

आता तुम्ही म्हणाल, लेखाचं तात्पर्य काय? शिवराज चूक आणि आमचा पैलवान बरोबर, असं मला म्हणायचं आहे का? नाही. पंचाला लाथ मारणं चूकच, त्यात दुमत नाही. पण गप्प बसणं हे उत्तर आहे असंही मला वाटत नाही. माझा पैलवान गप्प बसला म्हणून माझी चूक वर्षभर झाकली गेली. तो सभ्य होता याचा फायदा मला झाला, त्याला नाही.

यावर मला एकच उदाहरण सापडतं, खाशाबा जाधवांचं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकआधी मद्रासच्या स्पर्धेत पंचांनी आपल्याला एक गुण मुद्दाम कमी दिला अशी त्यांची तक्रार होती. ते गप्प बसले नाहीत, आणि कुणाच्या अंगावरही गेले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा चाचणी झाली आणि तिथे त्यांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याला पाडून दाखवलं. मग हेलसिंकीला गेले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्य, घेऊन कराडजवळच्या गोळेश्वरला परतले. दाद मागायला दार नसतं तर ते पदकही नसतं.

आधी म्हणालो होतो ना, दार लक्षात ठेवा? ते हेच. जिथे दाद मागायचं दार उघडं असतं तिथे लाथेची गरज पडत नाही आणि गप्प बसायचीही नाही. दार बंद असलं की दोनच गोष्टी उरतात, आणि दोन्ही वाईट. हे कुस्तीपुरतंच खरं आहे असं नाही. इंटर्नल मार्क लागल्यावर उत्तरपत्रिका बघायला मिळते का, मेसच्या बिलाचा हिशोब विचारता येतो का, हेही त्यातच आलं. पण तो वेगळा लेख होईल आणि संपादक छापणार नाहीत. असो.

जाता जाता : तीन सूचना

पुढच्या गॅदरिंगच्या कुस्त्यांसाठी क्रीडा समितीपुढे तीन साध्या सूचना ठेवतो. खर्च काहीच नाही.

१. बाजूचे पंच दोन ठेवा, हौदाच्या समोरासमोरच्या बाजूंना. दोघांनी मिळून दोन्ही खांदे बघायचे.

२. दोन मोबाईल, विटेला टेकवून, जमिनीलगत. उंचावरून कितीही चांगलं शूटिंग केलं तरी ते रीलसाठी, निकालासाठी नाही. आणि पैलवानाला एका कुस्तीत एकदा 'व्हिडिओ बघा' म्हणायचा हक्क द्या.

३. पंचाने पांढरी पँट घालू नये.

सिनेमा बघायला जातो तसं डब्ल्यूडब्ल्यूई जरूर बघा, मीही बघणार. पण एकदा माळेगावच्या यात्रेला चला. एसटीने जाता येतं. पहिल्या रांगेत, मातीत मांडी घालून बसा. शेवटच्या कुस्तीपेक्षा नारळावरच्या पोरांच्या कुस्त्या बघा, आणि त्यातला पंच बघा. तो केव्हा खाली वाकतो ते बघा. कुस्ती बघायला मी तिथून शिकतो आहे.

आणि आबा, तुमच्यापर्यंत हा अंक पैलवान पोहोचवणार आहे, तसं त्याने कबूल केलं आहे. तुमचं पोरगं त्या दिवशी चितपट झालं नव्हतं. डावा खांदा वर होता. मी बघितलं नाही आणि टेकले म्हणालो. तुमचा रामराम माझ्याकडे उधार राहिला आहे. यंदा गॅदरिंगला परत या, मी खाली वाकून बघेन.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल